न तापवलेल्या दुधाची पिशवी

कॉफीचं मशीन आमच्या बैठकीच्या खोलीत आणायला तीन माणसं लागली. त्याला सोळा अँपिअरचा प्लग लागतो आणि आमच्या कोलकात्यातल्या सॉल्ट लेकच्या घरात तसा प्लग एकच आहे, एसीचा. म्हणून ते एसीखालच्या टेबलावर ठेवलं गेलं आणि वर जुनी चादर आली. चादर माझ्या मुलीने टाकली. न्यू टाउनमध्ये तिचं कॉफीचं लहानसं दुकान होतं. समोरच्या इमारतीतली कंपनी दुसरीकडे गेली, दुपारची गर्दी तिच्याबरोबर गेली, आणि दीड वर्षात दुकान बंद झालं.

त्यानंतर चार महिने ती घरात होती. भांडत नव्हती, रडत नव्हती. जेवायला बाहेर येई, मशीनकडे पाठ करून बसे आणि खोलीत परत जाई. कुठे अर्ज केलास का, असं कुणा नातेवाइकाने विचारलं की "बघते" म्हणे. मी तीस वर्षं एका इंग्रजी वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली. प्रश्न विचारणं बातमीदारांचं काम. माझं काम त्यांनी आणलेला मजकूर तपासण्याचं. घरातही मला तेवढंच जमत होतं. ती पुन्हा कामाला लागेल की नाही, हा एकच प्रश्न घरात होता आणि तो आमच्यापैकी कुणी तिच्यासमोर काढत नव्हतं.

जूनमध्ये तिने मशीन विकायला काढलं. बराकपूरचे एक गृहस्थ स्टेशनजवळ कॉफीचं दुकान टाकणार होते. रविवारी येतो, मशीन चालू करून दुधाचा फेस काढून दाखवा, असं त्यांनी कळवलं.

"तू दाखव," मुलगी म्हणाली.

"मला कुठे येतंय?"

"चार दिवस आहेत. व्हिडिओ बघ. मी खोलीतून बाहेर येणार नाही."

व्हिडिओतली बाई पहिल्याच वाक्यात सांगत होती की दूध थेट फ्रिजमधलं, थंडगार घ्या. मी ते वहीत लिहून घेतलं. शेजारी माझी आई बसली होती. तिचं वय एक्क्याऐंशी. वडिलांच्या बँकेतल्या बदलीबरोबर ती कोलकात्यात आली, त्याला पन्नास वर्षं झाली.

"पिशवी फोडून तशीच ओतली गं तिने," आई म्हणाली. "तापवलंसुद्धा नाही."

"तसंच करतात."

"करोत बापड्या. आपल्याकडे न तापवलेलं दूध मांजरालासुद्धा देत नाहीत. आणि शेवटी गरमच करायचंय ना? मग गरमच घे, निम्मं काम झालेलं."

मला ते पटलं. आयुष्यभर मूळ मजकुराशी ताडून बघण्याचं काम केलेल्या बाईने वहीतल्या त्या ओळीवर काट मारली.

चार दिवस एसी बंद ठेवून सराव केला. आई गॅसवरून उतरवलेलं दूध साय बाजूला करून देई. मी वाफेची नळी त्यात बुडवून वाफ सोडी. किंकाळीसारखा आवाज होई आणि काही सेकंदांत भांडं हाताला सोसेनासं होई. वर आलेले मोठे बुडबुडे भांडं खाली ठेवेपर्यंत फुटून जात. वाया गेलेल्या दुधाची आईने एक दिवस खीर केली, दुसऱ्या दिवशी दही लावलं, पुढे पनीर. माझा हात चुकतोय असं मी धरून चालले होते. मुलीच्या खोलीचं दार बंद होतं.

रविवारी गृहस्थ आले. पन्नाशीचे असावेत. हातात छत्री आणि संदेश मिठाईचा डबा. आईला त्यांनी "माशीमा", म्हणजे मावशी, म्हणून नमस्कार केला. आईने पाहुण्यांसाठी दूध नव्याने तापवलं होतं. मी दोनदा प्रयत्न केला. त्यांनी वाफेचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे पाहिलं, भांडं तिरकं करून पाहिलं.

"दीदी, कॉफी छान उतरते," ते बंगाली वळणाच्या हिंदीत म्हणाले. मग आवाज चढला. "पण वाफेत दम नाही. मशीन खराब आहे!"

दार उघडलं. मुलगी घरातल्याच कपड्यांत बाहेर आली.

"मशीन खराब नाही," ती हिंदीत म्हणाली. भांड्याला बाहेरून हात लावला आणि मराठीत आमच्याकडे वळली. "हे दूध कुणी तापवलं?"

"मी," आई म्हणाली. "पाहुण्यांना काय कच्चं देऊ?"

"किती वेळा तापवलंस, आजी?"

"दोनदा. पहिल्यांदा फोन वाजला, अर्ध्यात गॅस बंद करावा लागला."

"आणि माझ्या दुकानात प्यायलीस, ते काय होतं?"

"तापवलेलं असेल, असं समजून प्यायले."

मुलीने तोंडावर हात धरला. हसू आवरत नव्हतं. मग तिने फ्रिजमधून पिशवी काढली, कोपरा कापला आणि गार दूध भांड्यात ओतलं. आईने खिडकीकडे तोंड फिरवलं.

"गार दुधाला तापायला वेळ लागतो," मुलगी गृहस्थांना सांगू लागली. "तेवढ्या वेळात त्याने हवा धरायची असते. आधीच गरम असलं की त्याला वेळच मिळत नाही."

तिने नळीतलं पाणी आधी फडक्यात सोडून दिलं. मग नळीचं टोक दुधात जेमतेम बुडवलं. या वेळी किंकाळी नव्हती, कागद हळूहळू फाडल्यासारखा आवाज होता. तिने भांडं थोडं वर उचललं, दूध आत गरगर फिरू लागलं. वाफ बंद, नळी पुसली, भांडं टेबलावर एकदा आपटलं. वर एकही बुडबुडा नव्हता.

गृहस्थ उभ्यानेच कॉफी प्यायले.

"मशीन घेतो," ते म्हणाले. "पण माझ्याकडे हे करणार कोण? माझी वहिनी आणि तिची मैत्रीण दुकान बघणार आहेत. दोघींनी असलं मशीन पाहिलेलंही नाही. दुकान तयार होईल दुर्गापूजेनंतर. तोवर मशीन इथेच राहू द्या. त्या इथे येतील. तुम्ही शिकवाल?"

मी मुलीकडे पाहिलं नाही. ती "बघते" म्हणेल असं मला वाटलं होतं.

"किती वाजता येतील?" तिने विचारलं.

संध्याकाळी चादर धुऊन दोरीवर वाळत होती.

पूजेपर्यंत आठवड्यातून तीन दिवस त्या दोघी लोकलने सियालदाला आणि तिथून मेट्रोने आमच्याकडे येत. प्लग मशीनला, त्यामुळे सगळ्याच घामाघूम. "बौदी, भांड्याकडे बघू नका, आवाज ऐका," मुलगी त्यातल्या थोरलीला, त्या गृहस्थांच्या वहिनीला, दटावायची. इतक्या ठाम आवाजात ती दुकानातच बोलत असे. आई समोर खुर्ची टाकून बसायची आणि उरलेलं सगळं दूध तापवायची.

पूजेनंतर मशीन बराकपूरला गेलं आणि ते लावून द्यायला मुलगी गेली. ती आता आठवड्याचे चार दिवस तिथे काम करते.

खरेदीला आलेली बहुतेक माणसं "कळवतो" म्हणून निघून जातात. ते गृहस्थ तसे गेले असते तर ती बाहेर आली नसती. त्यांचं निदान साफ चुकलं होतं. ते त्यांनी बंद दारापलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. आईचीही आहे, नीट दूध मिळालं असतं तर मला कदाचित फेस जमला असता.

प्लग पुन्हा एसीकडे गेला आहे. आई मात्र शनिवारी एक पिशवी न तापवता फ्रिजमध्ये मागे ठेवते, कुणी चुकून तापवू नये म्हणून तिला रबरबँड लावून. रविवारी मुलगी त्या दुधाचा हातानेच फेस काढते. मशीनसारखा येत नाही, असं दर वेळी म्हणते आणि का येत नाही ते समजावते. आई कप आधी नाकाशी नेते, मग पिते.