मुळं वर केलेली पेंडी

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला माहीत नाही, बहिणीला माहीत नाही, आणि जिला माहीत असायला हवी होती — तिला तर मुळीच नाही. तुम्ही माझे कोण? कोणीच नाही. म्हणूनच बहुतेक जीभ उचलतेय. पण आधीच सांगून ठेवते, मी रडणार नाही. मला अजून राग आहे, आणि तो राग मला आवडतो.

मी लाखनीकडच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. हायवेवरून ट्रक गेला की बोलणं थांबवावं लागतं, असं कॉलेज. पीएच.डी. करणाऱ्या पोरांना संदर्भ कसे द्यायचे, हे शिकवणं माझ्याच गळ्यात पडलेलं — लेखक, ग्रंथ, प्रकाशक, वर्ष, पान. पान नंबर नाही तर ती चोरी, असं मी दरवर्षी फळ्यासमोर उभी राहून ठणकावते. मी. कधी कधी माझं मलाच हसू येतं.

लांजेवार सर आमच्याच विभागातले. तुमसरच्या राईस मिलवाल्यांच्या घरचे, गोड बोलणारे, कडक इस्त्रीचे. मी तेव्हा रोवण्याची गाणी गोळा करत होते — धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, लावणाऱ्या बायांच्या मागे मागे, पायांना चिखल्या होईपर्यंत. ते मोठ्या आपुलकीनं म्हणायचे, बघू द्या ना मॅडम, काय काय मिळालं. मी दाखवायचे. का नाही दाखवणार? आणि मग नागपूरच्या एका चर्चासत्रात, खाली खुर्चीत बसून, मी त्यांच्या तोंडून माझं सगळं ऐकलं. माझी मांडणी, माझी वाक्यं, एका ठिकाणी तर माझी चूकसुद्धा जशीच्या तशी. एक तळटीप नाही. आभारात प्राचार्य होते, बायको होती. मी कुठंच नव्हते.

परत आल्यावर विचारलं, तर चहा ढवळत म्हणाले, "अहो मॅडम, गाण्यावर कोणाचं नाव लिहिलं रायते का? बायांचे गाणे आहेत ते. तुमचे कायले होतीन?"

त्यात थोडं खरं होतं, आणि तेच जास्त लागलं. मी तरी कोणत्या बाईचं नाव लिहिलं होतं? 'एकोडी परिसरातील एक वृद्धा' — एवढंच. पण म्हणून चोरानं मला चोर म्हणावं? त्या दिवशी तळपायाची आग मस्तकात गेली, ती अजून उतरलेली नाही.

मग मी काय केलं? एक प्रथा रचली. रोवणा संपतो त्या दिवशी बांधीच्या, म्हणजे धानाच्या शेताच्या, कोपऱ्यात घरची थोरली बाई पऱ्ह्यांची शेवटची पेंडी मुळं वर करून रोवते — तलावाचं पाणी आटू नये म्हणून. छान वाटतं ना? पुस्तकी माणसाला हमखास भुलवेल असं. पण जिनं एकदा तरी बांधीत पाय ठेवलाय, तिला विचारा. मुळं वर म्हणजे मरण. कोणती बाई आपल्या हातानं आपलं धान मारेल? हे कळायला विद्वत्ता लागत नाही, चिखल लागतो. लांजेवारांनी धान पाहिलं होतं ते पोत्यात.

हे सगळं एकोडीच्या नावानं लिहून काढलं, ते कागद मी स्टाफरूमच्या टेबलावर ठेवले आणि तासावर गेले. मुद्दाम. परत आले तेव्हा कागद तिथंच होते, फक्त वरखाली झालेले. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

पुढे त्यांचा ग्रंथ आला. त्यात उलटी पेंडी होती. आणि खाली — काय सांगू तुम्हाला — तळटीप होती. 'प्रत्यक्ष मुलाखत, एकोडी.' माझ्या खऱ्या गाण्यांना ज्या माणसाला तळटीप सुचली नाही, त्यानं माझ्या खोट्याला दिली, आणि तीही खोटी. ते पान मी गॅसजवळ उभी राहून वाचत राहिले, भाजी करपली. लगेच उघडं पाडायचं नव्हतं. मला त्यांना मोठ्या मंडळींसमोर पडलेलं बघायचं होतं, पुन्हा उठता येणार नाही असं. मी थांबले. मला थांबता येतं.

प्रणाली त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली. एकोडीची, घरची धानाची शेती, हुशार आणि भित्री. लांजेवारच तिचे मार्गदर्शक. कॉलेजात एक जागा निघणार होती आणि ती तिलाच मिळणार, हे शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त पदवी हातात पडायचा अवकाश होता. प्रबंध छापायला टाकायच्या आधी ती माझ्याकडे संदर्भ तपासायला आली. उलट्या पेंडीवर बोट ठेवून म्हणाली, "मॅडम, सरच्या पुस्तकात आहे हे. पण आमच्या गावात असं कोणीच करत नाही. मायले विचारलं त हासतच सुटली. ठेवू का काढू?"

काढ — एवढंच म्हणायचं होतं. पण बाहेरून येणारे परीक्षक कोण, हे मला माहीत होतं. शेतकऱ्याच्या घरचे, स्वतः रोवणा केलेले. ते हे पान सोडणार नव्हते. ती सरांच्या ग्रंथाचं नाव घेईल आणि सगळ्या माना सरांकडे वळतील. इतकी वर्षं कशाची वाट बघत होते मी? मी म्हटलं, "ठेव. पान नंबर लिही म्हणजे झालं. संदर्भ दिला की जबाबदारी त्याची." तिनं लिहिला.

झालंही तसंच. मौखिक परीक्षेत परीक्षकांनी चष्मा काढून विचारलं, मुळं वर करून? तुझ्याच गावात? तिनं ग्रंथ सांगितला, पान सांगितलं. माना वळल्या. लांजेवारांचं तोंड पांढरंफटक पडलं. ते बघायलाच मी पुढच्या ओळीत बसले होते, आणि पोटभर बघितलं. खोटं कशाला बोलू? ते तोंड मी आजही आठवून चाखते.

पण तो माणूस उठून उभा राहिला. म्हणाला, "ही माहिती मला हिनंच आणून दिली होती. एकोडीचीच आहे ना ती. मी विश्वास ठेवला."

तो ग्रंथ निघाला तेव्हा प्रणाली गावच्या शाळेत होती. वर्ष ग्रंथावर छापलेलं होतं, आणि ग्रंथ समोरच्या टेबलावर पडलेला होता. तिनं सरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मार्गदर्शकाला चारचौघांत खोटं पाडायची तिची छाती नव्हती. माझी होती. पण मी वर्ष सांगितलं असतं, तर ही प्रथा आली कुठून, हेही विचारलं गेलं असतं. मी खाली मान घालून पर्सची चेन लावली.

प्रबंध परत आला. शेरा होता — स्वतःच्या गावाविषयी बनावट माहिती. जागेवर दुसरं कोणी लागलं. तिनं प्रबंध पुन्हा दिलाच नाही. लांजेवार शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त झाले, आणि आता रोज सकाळी मला मोबाईलवर गुलाबाची फुलं पाठवतात, सुप्रभात म्हणून. मी ती उघडते आणि मनातल्या मनात त्यांना शिव्या देते. बरं वाटतं.

मागच्या रोवण्याच्या दिवसांत एकोडीच्या रस्त्यानं जात होते. ती बांधीत होती, बायांच्या ओळीत, वाकलेली. मला बघून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, आली, चिखलाचे हात मागे धरून पायाशी वाकली. इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "मॅडम, एक विचारू? तो पान नंबर — मी चुकीचा लिहिला होता का?"

मी म्हटलं, "नाही गं. बरोबर होता."

आणि गाडीत जाऊन बसले. प्रथा मी रचली होती, हे वाक्य तिला सांगायचं होतं. ते मी तुम्हाला सांगितलं.