चार वर्षांची थकबाकीदार

लेरुमो वस्तीत पहिलं मूल झालं की बाईचं स्वतःचं नाव सुटतं. गालालेत्सांगला केसेगो झाली आणि दुसऱ्याच दिवशी ती म्माकेसेगो, म्हणजे केसेगोची आई झाली. दुकानात, चर्चमध्ये, अगदी भांडणातसुद्धा.

पुढे वस्तीत नळ आले. नगरपालिकेच्या माणसाने विचारलं, "घर कुणाचं?"

"म्माकेसेगोचं," शेजारणी म्हणाल्या.

'म्मा' तर तिकडे कुठल्याही बाईला आदरानेही म्हणतात. त्याने तो आदर वगळला आणि खातेदार लिहिली: केसेगो मोलेफे. केसेगो तेव्हा चार वर्षांची होती. नंतर ओळख क्रमांक भरायची मोहीम निघाली, तेव्हा कचेरीने नावावरून क्रमांकही हुडकून काढला. एवढी तत्परता तिने पुन्हा कधी दाखवली नाही.

नळाला आठवड्यात दोन दिवस पाणी यायचं, बाकी दिवस हवा. म्माकेसेगो हवेचे पैसे भरत नसे. बिलं आली की ती चुलीत घाली.

केसेगो नर्स झाली. तेहतिसाव्या वर्षी तिने दोन खोल्यांचं घर पाहिलं. मालक महिनाअखेरपर्यंत थांबणार होता. बँकेने मात्र कर्ज नाकारलं. पाण्याचं बिल थकवल्यामुळे तिचं नाव बुडव्यांच्या यादीत होतं.

"मी कुणाकडून वाटीभर साखर उसनी आणली नाही, आणि चार वर्षांची असताना नगरपालिकेला बुडवलं?" केसेगो कडाडली.

"लहानपणापासून हुशारच तू," आई पुटपुटली. पण सकाळी तीच आधी तयार होऊन बसली.

"नाव?" नगरपालिकेच्या कचेरीत कारकुनाने विचारलं.

"म्माकेसेगो."

"खरं नाव, म्मा."

तिला क्षणभर आठवावं लागलं. "गालालेत्सांग मोलेफे."

"या नावाचं त्या घरात कुणी राहत नाही."

"मग तीस वर्षं तिथं झाडतंय कोण?"

"राहण्याचा पुरावा आणा. तुमच्या नावाचं पाण्याचं बिल चालेल."

"अरे बाळा, तेच तर मागायला आलेय!"

शेवटी पोलीस ठाण्यात प्रतिज्ञापत्र करून, त्यावर शिक्का मारून आणला. कारकुनाने बजावलं, "आजी, सगळी थकबाकी आता तुमच्या नावावर. यापुढे तुम्हाला कुणी कर्ज देणार नाही."

"आजवर कोण रांगेत उभं होतं?" म्हणत तिने सही ठोकली.

महिना संपायला दोन दिवस असताना केसेगोचं नाव यादीतून निघालं आणि घर मिळालं. मंजुरीच्या पत्रात बँकेने तिच्या सुधारलेल्या वर्तनाचं कौतुकही केलं होतं.