चिपळूण अजून दोन संडास

मुंबई-गोवा रस्ता माझ्या नणंदेला जेवढा माहीत आहे तेवढा तो बांधणाऱ्यांनाही माहीत नसेल, हे मी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगायला तयार आहे. बाकीच्यांना ह्या रस्त्यावरचे घाट, धबधबे आणि मासळीची ताटं लक्षात राहतात. ताईंना संडास लक्षात राहतात. त्यासाठी त्यांनी एक लांबट वही केली आहे. तिच्यात पनवेलपासून कणकवलीपर्यंतच्या प्रत्येक हॉटेलला, पेट्रोल पंपाला आणि दोन दवाखान्यांना दहापैकी गुण दिलेले आहेत. कमोड असेल तर चार, कडी लागत असेल तर दोन, पायरी नसेल तर दोन, पाणी असेल तर एक, आणि उरलेला एक मालकाच्या स्वभावाला. किलोमीटर हे माप त्या मानतच नाहीत. "ताई, चिपळूण किती राहिलं?" असं मी विचारलं की "अजून दोन संडास," असं उत्तर येतं, आणि मोबाइलवरच्या नकाशापेक्षा ते खरं निघतं.

ही हौस नव्हे. आठ वर्षांपूर्वी ताईंना मल्टिपल स्क्लेरोसिस नावाचा आजार निघाला. आम्ही आणि ताई राहतो त्या मुलुंडच्या सोसायटीत जो भेटेल तो "म्हणजे नक्की काय हो?" असं विचारायचा, तेव्हा त्यांनी एक ठरावीक उत्तर तयार केलं. "मेंदूकडून पायाकडे जाणाऱ्या वायरी उंदराने कुरतडल्यात असं समजा. मेंदू हुकूम सोडतो, पण अर्धे हुकूम वाटेतच गहाळ होतात." त्यामुळे डावा पाय ओढत चालावं लागतं, थोड्याशा कामाने दमायला होतं, उकाड्यात सगळं अंग संप पुकारतं, आणि लघवीला लागली की ती लागल्यापासून फार तर चार मिनिटांची मुदत मिळते. डाव्या पायाला त्या जावईबापू म्हणतात. काम काडीचं करायचं नाही, मान मात्र पहिला हवा, आणि जरा काही बिनसलं की रुसून बसायचं. "थांब गं, जावईबापू रुसलेत," असं त्यांनी भर रस्त्यात म्हटलं की अनोळखी माणसं सहानुभूतीने बघतात. त्यांना वाटतं, घरगुती भानगड आहे.

अशा बाईने बारा तासांचा गाडीचा प्रवास कशाला करावा? ट्रेनच्या पायऱ्या उंच आणि गणपतीतली गर्दी मरणाची, हे झालं गाडीने जाण्याचं कारण. पण मुळात जाण्याचं कारण गौरी. कणकवलीच्या पुढे आमचं गाव आहे. तिथे गौर आणायची ती माहेरवाशिणीने. विहिरीवर तेरड्याच्या रोपांची पूजा करायची, ती सुपात घ्यायची, तोंडात पाण्याची चूळ धरायची आणि पाणंदीने चालत घरी यायचं. वाटेत बोलायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. घराच्या उंबऱ्याशी सून तांब्या घेऊन उभी असते, ती पायांवर पाणी घालते आणि मग गौर आत येते. घरची लेक ताई आणि सून मी, तेव्हा गेली वीस वर्षं आमच्या भूमिका ठरलेल्या आहेत. गेल्या वर्षी माझ्या नवऱ्याने, म्हणजे त्यांच्या भावाने, समोर जायची हिंमत नव्हती म्हणून फोनवरूनच, जरा चाचरत सुचवलं, "ताई, ह्या वर्षी आपल्या धाकटीला आणू दे ना गौर. तुझी भाचीच आहे, पुतणी काय, घरचीच." नाती सांगताना तो गोंधळला हे खरं, पण पलीकडे जी शांतता पसरली ती त्यासाठी नव्हती. मग ताई एवढंच म्हणाल्या, "मी आहे ना अजून?" नवऱ्याने विषय सोडला, आणि मुलीला घेऊन चतुर्थीच्या आधीच ट्रेनने गावी गेला. आम्ही दोघी मागून गाडीने निघालो. गाडी मी चालवते. माझा नवरा अजून शिकतोच आहे.

खरं तर ताईंना आणायला त्यांचे यजमान होते. भावोजी गाडी माझ्यापेक्षा छान चालवतात. पण त्यांच्या शेजारी बसायला ताई तयार नसतात. "दर दोन किलोमीटरला विचारतो, बरं वाटतंय ना, बरं वाटतंय ना. अरे, तू विचारेपर्यंत वाटत होतं! तू कधी विचारत नाहीस. तुला माझी काडीची काळजी नाही, म्हणून तुझ्या गाडीत मला झकास वाटतं." वीस वर्षांच्या नणंद-भावजयीच्या संसारात मला मिळालेली ही सर्वांत मोठी शाबासकी.

निघायच्या दिवशी पहाटे पाचला सोसायटीच्या आवारात जी तयारी चालते ती बघायला वॉचमन खुर्ची घेऊन बसतो. आधी माझ्या शेजारच्या सीटवर साडीच्या दुकानातली गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी अंथरायची. ताई त्या पिशवीवर पाठमोऱ्या टेकतात आणि बसल्या बसल्या गर्रकन फिरून समोर तोंड करतात, म्हणजे जावईबापूंना आत उचलून घ्यायला सोपं जातं. मग पिशवी ओढून काढायची. एका वर्षी ती काढायची राहिली आणि पट्टा लावायच्या आधीच मी गेटापाशी मांजर आडवं आलं म्हणून ब्रेक मारला. ताई सुळ्ळकन घसरून डॅशबोर्डाखाली गेल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "ऐरोलीचा पूल आला का?" शिवाय मागच्या सीटवर बर्फाची पेटी असते. तिच्यात गोठवलेल्या बाटल्या, ओले करून गोठवलेले सहा नॅपकिन, आणि मानेवर ठेवायला म्हणून गोठलेल्या मटाराची दोन पाकिटं. मटार मानेला नीट बिलगतो असं ताईंचं संशोधन आहे. तो गावाला पोहोचेपर्यंत वितळलेला असतो, म्हणून आमच्या घरी दर वर्षी गौरीच्या आदल्या रात्री मटाराची उसळच असते. कोणी कारण विचारत नाही.

दर पन्नास मिनिटांनी गाडी थांबवायची आणि ताईंनी बॉनेटला धरून गाडीभोवती पाच फेऱ्या मारायच्या, हा दुसरा नियम. नाहीतर पाय लाकडासारखे होतात. कोलाडच्या अलीकडे अशाच फेऱ्या चालू असताना एक ट्रॅफिक पोलीस आला आणि हसत म्हणाला, "काय मॅडम, नवीन गाडी का? प्रदक्षिणा चाललीय?" ताई न थांबता म्हणाल्या, "जुनीच आहे हो. गाडीपण आणि मीपण. चालतेय तोवर फिरवून घेते." तो बिचारा टोपी काढून उभा राहिला. माणगावला एक हॉटेल आहे, त्याला वहीत दहापैकी दहा आहेत. तिथल्या मालकाच्या मागे लागून लागून ताईंनी संडासात भिंतीला धरायला एक स्टीलची दांडी बसवून घेतली. पहिल्या वर्षी तो चिडला, दुसऱ्या वर्षी "बघू" म्हणाला, तिसऱ्या वर्षी दांडी होती. आता आम्ही गेलो की तो स्वतः बाहेर येतो. "ताई, आमची आई पण तीच दांडी धरते आता," असं गेल्या वर्षी सांगत होता. ताई आत जाऊन दांडी हलवून बघून आल्या आणि म्हणाल्या, "एक स्क्रू सैल आहे."

गेल्या वर्षीच्या त्याच प्रवासात संगमेश्वरच्या पुढे आमच्या गाडीचा एसी बंद पडला. दुपारचे दोन, ऊन रणरणतं, वारा नावाला नाही. बाटल्या चिपळूणलाच संपल्या होत्या. मी काचा खाली केल्या तर गरम वाफच आत आली. ताईंनी मटाराची दोन्ही पाकिटं मानेभोवती घेतली, आणि थोड्या वेळाने बोलायच्या थांबल्या. ही बाई मुलुंडपासून माझ्या गिअर टाकण्यावर, माझ्या माहेरच्या आमटीवर आणि सोसायटीच्या सेक्रेटरीवर अखंड बोलत आली होती. ती गप्प झाली तेव्हा मला खरोखर भीती वाटली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ताई, बरं वाटतंय ना?"

"विचारलंस!" त्या डोळे मिटूनच म्हणाल्या. "विचारलंस शेवटी. आता तुझ्यात आणि त्याच्यात फरक काय राहिला?" मग डोळे उघडून माझ्याकडे बघत राहिल्या. उकाडा झाला की त्यांना एकाच्या दोन वस्तू दिसतात. "दोन-दोन दिसतेस तू मला. आणि दोघींनाही गाडी नीट चालवता येत नाही."

पुढे रस्त्यालगत एक कोल्ड्रिंकचं दुकान दिसलं. मी गाडी थांबवली आणि त्यांना धरून आत नेलं. ताईंनी काही न विचारता आइसक्रीमच्या आडव्या फ्रीजरचं झाकण सरकवलं आणि डोकं आत घातलं. दुकानदारीण किंचाळली, "ओ बाई, काय करताय, माल आहे तो!" मी तिला समजावू लागले. आतून कुल्फीच्या डब्यांमधून आवाज आला, "तिचं ऐकू नका, तिला काही कळत नाही. मी सांगते." आणि डोकं आत ठेवूनच त्यांनी मेंदू, वायरी आणि उंदीर हे सगळं सांगितलं. दुकानदारीण मुकाट्याने एक स्टूल घेऊन आली. तासभर ताई तिथे बसल्या होत्या. निघताना त्यांनी वहीत त्या दुकानाला, संडास नसतानाही, नऊ गुण दिले.

पण पाय गेले ते गेलेच. गावी पोहोचलो तेव्हा ताईंना गाडीतून उचलून घ्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खाटेवर बसून डाव्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होत्या. "हल," असं म्हणत होत्या त्याला. तो हलत नव्हता. जेवणं झाली, तिसरा प्रहर झाला, तेव्हा कुठे तो जरासा हलला. ताईंनी पदर खोचला, काठी घेतली आणि बायकांबरोबर विहिरीवर गेल्या. "मी येऊ का?" असं मी विचारलं नाही. सुनेने उंबरा सोडायचा नसतो.

मी तांब्या घेऊन उभी होते. थाळी वाजल्याचा आवाज आला, पाणंदीतून बायका आल्या, पोरी आल्या. ताई त्यांच्यात नव्हत्या. मागे वळून बघायचं नाही म्हणून कोणी बघितलंच नव्हतं. सगळ्यांना वाटलं होतं, त्या मागून येताहेत.

मी तांब्या खाली ठेवला आणि पळाले. मागून सासूबाई ओरडल्या, "अगो, उंबऱ्यार कोण ऱ्हवतला?" मी थांबले नाही. पाणंदीच्या मध्यावर, फणसाला पाठ टेकून ताई उभ्या होत्या. काठी खाली पडलेली, सूप छातीशी घट्ट धरलेलं, गाल पाण्याने टम्म फुगलेले. चूळ थुंकून एक हाक मारली असती तर दहा जणी धावल्या असत्या. त्यांनी मारली नव्हती. बारा तास जिला मी जरा गप्प बसा म्हणून विनवत होते ती बाई एक थेंब न सांडता तिथे उभी होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सूप घ्यायला मी हात पुढे केला. त्यांनी जोरात मान हलवली. मग मी नुसती त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्या खांद्यावर भार टाकला. माझ्या पायाने मी त्यांचा डावा पाय पुढे ढकलायची, मग त्या उजवा टाकायच्या. शंभरेक पावलं असतील.

उंबऱ्याशी मी त्यांना चौकटीला धरून उभं केलं, तांब्या उचलला आणि दोन्ही पायांवर पाणी घातलं. गौर आत आली. चौरंगावर बसली. ताईंनी चूळ टाकली आणि तोंड उघडल्याबरोबर पहिलं वाक्य बोलल्या, "गणपती झाले की तो एसी दुरुस्त करून घे." सगळे हसले. सासूबाईंनी त्यांची अलाबला घेतली, बायका गाणी म्हणायला बसल्या.

थोड्या वेळाने ताईंनी मला खुणेने जवळ बोलावलं. त्या खुर्चीत पाय सोडून बसल्या होत्या. कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "अगं, पाणी दोन्ही पायांवर घातलंस ना? उजव्याला गार लागलं. डाव्याला काहीच कळलं नाही."

"घातलं, ताई," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली, पण त्या पायाकडेच बघत होत्या. मी आत गेले, तांब्या भरून आणला आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. "अगो, लादी भिजतली मगे!" असं सासूबाई म्हणत होत्या. मी डावा पाय हातात घेतला आणि त्यावर सावकाश पाणी घातलं, आणि ते पावलावरून बोटांपर्यंत ओघळून खाली पडेपर्यंत ताई बघत राहिल्या.