रघुनाथमास्तरांचं गाठोडं

रघुनाथमास्तर चोर आहेत, असं कासारवाडीत सगळ्यात आधी मी म्हटलं.

आज त्यांची पुण्यतिथी. म्हणून लिहितेय.

पन्नासचं दशक सरत आलेलं. मी पंधरा वर्षांची.

मास्तर एका नाटक कंपनीत पेटी वाजवायचे. कंपनी बुडाली, तसे पिंपरीच्या एका कारखान्यात क्लार्क म्हणून लागले. आमच्या शेजारीच खोली घेतली.

एकदा शाळेत येऊन म्हणाले, "रविवारचे दोन तास द्या. घरोघरी जाऊन नाटकांची जुनी हँडबिलं गोळा करायची. पैसे मिळणार नाहीत. नाटकाचा इतिहास कळेल."

आता याला व्हॉलंटिअरिंग म्हणतात. तेव्हा लोक म्हणाले, यात ह्याचा काय फायदा?

माझे आबा तर म्हणाले, "फुकट कोन राबतंय गं? तू जा. पर डोळा ठेव त्याच्यावर."

ठेवला.

आम्ही पाच जण. लोकांच्या ट्रंकांच्या तळाशी हँडबिलं सापडायची. मास्तर ती गाठोड्यात बांधायचे आणि दुपारच्या गाडीने पुण्याला जायचे.

दर रविवारी.

परतताना हात रिकामे.

विचारलं तर, "काम होतं."

मी आबांना सांगून टाकलं, "विकतात ते." आबांनी आळीत सांगितलं. बाकीची चारही मुलं यायची बंद झाली.

पुढच्या रविवारी आबांनी मला बरोबर नेऊन मास्तरांना स्टेशनवरच अडवलं. "कुनाला इकता?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "चला माझ्याबरोबर. दोघंही."

पुण्यात एका हॉस्पिटलात खाटेवर एक म्हातारा नट. उशाशी आमची सगळी हँडबिलं.

प्रत्येकामागे मास्तरांच्या अक्षरात पेन्सिलीने नावं. पडदा कुणी रंगवला, पेट्रोमॅक्स कुणी पेटवल्या. म्हातारा आठवून सांगायचा, मास्तर लिहायचे.

तरीही मला खरं वाटेना.

"आजोबा, तुमचं नाव कुठल्या कागदावर आहे?"

"कुठंच न्हाई, पोरी. वीस वर्सं राजामागं भाला धरून हुबा ऱ्हायलो. त्याचं नाव कोन छापतंय?"

मास्तरांनी पेन्सिल माझ्या हातात दिली.

"नाव सांगा," मी म्हटलं.

म्हातारा सावरून बसला. बापाच्या नावासकट पूर्ण नाव सांगितलं. मी लिहिलं, तसं माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

परतताना गाडीत आबा म्हणाले, "मास्तर, चुकलं आमचं."

मी खिडकीबाहेर बघत राहिले.

ती चार मुलं पुन्हा आली नाहीत. मी मॅट्रिकपर्यंत जात राहिले. मास्तरांनी एकदाही विषय काढला नाही. मीही नाही.

मास्तर, तुमच्या हयातीत म्हणायला हवं होतं.

माफ करा. नमस्कार.