शालूतून मामांना बाहेर काढताना

वेबसाइटचा दर्शनी भाग बनवणं हा धंदा आहे, हे मी आजवर वर्ध्यात कोणालाही पटवू शकलेलो नाही. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं तेव्हा तर लग्नाच्या बाजारात या धंद्याला कुत्रंही विचारत नव्हतं.

आंजी गावचे पाहुणे मला बघायला आले होते. मुलगी मला आवडली होती, अगदी मनापासून, आणि आता फक्त तिच्या वडिलांचा होकार बाकी होता.

"कामधंदा का करता?" पोह्यांवरून नजर न काढता त्यांनी विचारलं.

"वेबसाइट बनवतो जी. हिशोब, मालाचा साठा असं मागचं काम दुसरा करते. समोर जे दिसते ते मी करतो."

"म्हणजे रंगरंगोटी."

"नाई जी..."

बाबांना सोयरीक हातची जाताना दिसली. (बाबा कापडाचे व्यापारी. माल दाखवल्याशिवाय गिऱ्हाइकाला उठू द्यायचं नाही, हा त्यांचा धर्म!) "चला, सायबर कॅफेत दाखवूनच टाकू. यानं मामाच्या साडीच्या दुकानाची बनवली हाये."

हिंगणघाटचे मामा घरात होतेच. तेही निघाले, कारण त्यांना वेबसाइटवरचा स्वतःचा फोटो बघायचा होता. कॅफेत बाबांनी कम्प्युटरला हळदकुंकू लावलं. नारळ तेवढा बाहेर फोडा, असं मालकानं हात जोडून सांगितलं.

पान उघडलं. माझ्या ऑफिसात या पानावर मामा वरच्या कोपऱ्यात उभे असायचे आणि खाली शालू नेसलेली एक सुंदर नवरी. पण कॅफेतला ब्राउझर जुना होता, आणि जुना ब्राउझर प्रत्येक चौकट स्वतःच्या मनानं मोजतो. त्यामुळे मामा घसरले ते थेट नवरीच्या चेहऱ्यावर येऊन बसले. गळ्यापर्यंत भरजरी शालू, वर मामा. मिश्यांसकट!

पाहुण्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "मामा सोताच नेसून दाखवते का?"

"मले काऊन नेसवलं बे?" मामांचा आवाज चिरकला.

मी घाईघाईनं दुरुस्तीला बसलो. एक आकडा बदलला की मामा वर जायचे, पण दुकानाचा पत्ता खाली कोसळायचा. पत्ता सावरला की मामा परत शालूत!

"अबे, धरून सरकव ना," बाबा मागून म्हणाले. "फोटोच त हाये."

"याले जमत नसन त पेंटर बोलावू," मामा म्हणाले.

तास-दीड तास घाम गाळल्यावर सगळं जागच्या जागी बसलं, जुन्या ब्राउझरात आणि शेजारच्या कम्प्युटरवरच्या नव्यातही. मी अभिमानानं मागे वळलो.

"नवीन का केलं?" पाहुण्यांनी विचारलं.

"मामाले जागेवर आणलं."

"ते त पयलेपासूनच तिथं पाह्यजे होते ना?"

आमचं काम बरोबर झालं की झाल्यासारखं दिसतच नाही. सोयरीक मोडली हे मी मनातल्या मनात कबूल करून टाकलं.

बाहेर पाहुण्यांनी बाबांना बाजूला घेतलं. "पोरगा पसंत हाये. त्याचं काम मले काई समजलं नाई. पण तुमी दोघं मागून बोलून राह्यले होते, अन् हा मान खाली घालून बसला होता. एका शब्दानं उलटून बोलला नाई. माही पोरगी लय बोलते. तिच्यापुढं हाच टिकन."

लग्न झालं. माझ्या कामाला रंगरंगोटी म्हणणारी माणसं आता दोन्ही घरांत आहेत. आणि उलटून बोलत नाही या एकाच गुणावर बायको मिळाल्यामुळे मला कोणालाच काही बोलता येत नाही.