अयोध्या सिस्टरांची झेरॉक्स

उमरग्यातल्या मुलांच्या दवाखान्यात तापाचं मूल आलं, की अयोध्या सिस्टर मुलाच्या आधी सोबतच्या बायकांकडे बघतात. मूल कुणाच्या मांडीवर आहे आणि बोलतंय कोण? बहुतेक वेळा मांडी एकीची असते आणि तोंड दुसरीचं.

सव्वीस वर्षं त्या इथं आहेत. वय बावन्न, उंची बेताची, आवाज मात्र गेटवरच्या रिक्षावाल्यांनाही ऐकू जाईल असा. त्यांच्या टेबलावर एक छापील कागद असतो. मूल गंभीर वाटलं की तो भरायचा. आधाराशिवाय बसतं का, हाक मारली तर बघतं का, श्वास कसा आहे, झटके किती आले, लघवी कधी झाली, पोटात काय गेलं. त्यावरून डॉक्टर ठरवतात, जिवाला धोका किती, मूल इथं ठेवायचं की सोलापूरला पाठवायचं. कागदात काही खोट नाही, असं सिस्टर म्हणतात. खोट असते ती सांगणाऱ्याच्या तोंडात.

हे त्यांना नर्सिंगच्या शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्या बाळंतपणाला त्यांना नळदुर्गला नेलं, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "कळा कधीपासून?" सासूबाई म्हणाल्या, "आत्ताच की, जेवल्यावर." कळा आदल्या सकाळपासून येत होत्या. अयोध्याबाई स्वतः नर्स, वॉर्डात दहा जणांना दटावणाऱ्या, पण सासूसमोर शब्द फुटला नाही. बाळ निळं पडून आलं, नशिबानं रडलं. आज तो एस.टी.त कंडक्टर आहे आणि आवाज आईवर गेलाय. पण ते "आत्ताच की, जेवल्यावर" त्या विसरल्या नाहीत.

मागच्या सप्टेंबरातली गोष्ट. एका सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास सीमेकडच्या गावातून रुद्रम्मा नावाच्या आजी आल्या. सोबत सून शिवानी आणि चार वर्षांची नात अक्षरा. शिवानीचा नवरा गडचिरोलीकडं रस्त्याच्या कामावर ट्रक चालवतो. मायलेकी तीन महिने त्याच्याजवळ राहून दहा दिवसांपूर्वीच परतल्या होत्या. ते ऐकून तरुण डॉक्टर सोमेश यांनी लगेच पोरीच्या बोटातलं रक्त घेतलं. मलेरिया निघाला, तोही वाईट जातीचा.

सिस्टरांनी कागद पुढं ओढला. "झटके आले का?"

"झटके कशाचे, बाई? ताप हाय निस्ता," रुद्रम्मा म्हणाल्या.

"जेवली काय?"

"काल दूध-भाकर खाल्ली की पोटभर. सकाळी बी दोन घास घेतले."

"लघवी?"

"झाली की! न झाल्यासारखं काय हाय?"

शिवानी भिंतीला टेकून खाली बघत होती. मांडीही आजीची आणि तोंडही आजीचं. दोन्ही एकीकडं आलं, की सिस्टर जास्त सावध होतात.

बाहेर वीस-पंचवीस पेशंट खोळंबले होते. "श्वास जरा जलद आहे, पण बसलीय, डोळे उघडे आहेत," डॉक्टर म्हणाले. "वॉर्डात घेऊ. इंजेक्शन काढा."

सिस्टरांनी पोरीचा चेहरा ओल्या फडक्यानं पुसला, आणि फडकं नाकाशी नेलं. कांदा. नाकपुडीच्या कडेला कांद्याचा बारीक तुकडाही चिकटला होता. नुसत्या तापाला इकडं कुणी कांदा फोडून हुंगवत नाही. तो झटक्यालाच.

"आज्जी, पोरीचं आधार कार्ड हाय?"

"हाय की." रुद्रम्मांनी पदराआडची कापडी पिशवी चाचपली.

"तीन झेरॉक्स लागतील. स्टँडसमोर दुकान हाय."

"शिवाने, जा गं," म्हणत रुद्रम्मांनी पिशवीची नाडी सोडली आणि थबकल्या. पिशवीत सगळ्या घराची कार्डं, पासबुकं, सातबारा. "ऱ्हाऊ दे. ही काय तर हरवून येईल. म्याच जाते."

"तुमीच जावा. सुनेच्या हातात कागद द्यायचाच न्हाय."

हे मात्र रुद्रम्मांना पटलं. पोरगी सुनेकडं देऊन त्या झपझप निघाल्या.

"सिस्टर, झेरॉक्स कशाला? आपण मोबाइलवर फोटो घेतो ना?" डॉक्टर म्हणाले.

"घेतो की, साहेब. जरा थांबा." सिस्टर शिवानीकडं वळल्या. "बोल, पोरी. त्या यायच्या आत. किती झटके?"

शिवानीनं आधी दाराकडं बघितलं. "तीन. एक पहाटं, एक जीपमधी, एक तुमच्या गेटापाशी. आत्याबाई म्हणल्या, तोंड उघडायचं न्हाय. रविवारी नणंदेला बघायला येनार हायती. घरात फिट हाय म्हणलं तर सोयरीक मोडंल."

"खाल्लं काय?"

"काल सकाळपासनं काय न्हाय. दूध दिलं, समदं सांडलं. शू काल सांजच्यापासनं न्हाय."

"ठेव तिला खाटेवर. बसव. आता हात सोड. पाठीचा बी."

हात सुटताच अक्षरा एका अंगावर कलंडली. डोळे उघडे होते, पण हाक मारली तरी वळत नव्हते. सिस्टरांनी फ्रॉक वर केला. श्वास नुसता जलद नव्हता. दर श्वासाला बरगड्यांखाली खोल खड्डा पडत होता. बोटाला परत टोचलं. रक्तातली साखर फक्त चौतीस.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी शीर शोधली. आधी साखरेचं पाणी गेलं, मग मलेरियाचं इंजेक्शन. "धोका मोठा आहे," ते हळू म्हणाले. "हिला इथं ठेवून चालणार नाही. ॲम्ब्युलन्स बोलवा."

"जगंल का?" शिवानीनं सिस्टरांना विचारलं.

"खोटं सांगत न्हाय, पोरी. अवघड हाय. पण साखर वाढली, इंजेक्शन गेलं आनि वेळेत सोलापूरला पोचली, तर अशा पोरी उठतात. म्या बघितल्यात."

रुद्रम्मा परतल्या तेव्हा नातीच्या हाताला सलाईन होतं आणि सून तिची चप्पल पिशवीत भरत होती.

"सोलापूर? न्हाय जमायचं!" त्यांनी आवाज चढवला. "आनि काय गं, तू बोललीस व्हय?"

"ती कशाला बोलतीय? कांदा बोलला," सिस्टर म्हणाल्या. "बसा इथं. आज्जी, ही मिरगी न्हाय. मलेरिया डोक्यात चढलाय आनि साखर उतरलीय, त्यानं झटके. ताप गेला की बहुतेक पोरांचे झटके बी जातात. सोयऱ्यांनी विचारलं तर मला फोन लावा."

"लिवून द्या तसं."

डॉक्टरांनी मराठीत लिहून दिलं. रुद्रम्मांनी कागद उलटसुलट बघितला आणि सुनेपुढं धरला. "वाच."

शिवानीनं वाचलं, "मलेरियामुळे तीन झटके."

रुद्रम्मा स्टुलावर बसल्या. बराच वेळ पोरीच्या पायावरून हात फिरवत राहिल्या. मग सिस्टरांकडं न बघता म्हणाल्या, "तीन न्हाय, बाई. चार."

"चार?"

"काल ही सैपाकात हुती, पोर माझ्यापाशी. तवाच पयला आला. म्या कांदा लावला, थांबला. हिला बी सांगितलं न्हाय म्या."

शिवानी सासूकडं बघत राहिली. सिस्टरांनी कागदावरचा तीन खोडून चार केला, पहिल्या झटक्याची वेळ विचारून घेतली आणि कागद ॲम्ब्युलन्ससोबत दिला.

मंगळवारी सोलापूरहून निरोप आला, रक्त चढवलंय. बुधवारी आला, झटका नाही. गुरुवारी निरोपच आला नाही, तेव्हा सिस्टरांना जेवण गेलं नाही. आठव्या दिवशी त्यांचा फोन वाजला. पलीकडं रुद्रम्मा, आणि विचारायच्या आतच सुरू.

"सिस्टरबाई, लिवून घ्या. शू दोनदा झाली. वरणभाताचे पाच घास खाल्ले, सहावा थुकली. सुई लावायला आलेल्या बाईला म्हणली, तुझ्या हाताला मुंग्या डसू देत."

"डसू देत की!" सिस्टर हसल्या. "आनि पाहुणे? रविवार तर झाला."

"म्याच फोन लावला हुता त्यास्नी. म्हणलं, नातीला मलेरियात झटके आलेत, सोलापुरात हाव, घरी आल्यावर या."

"मग?"

"येतो म्हणलेत. न्हाय आले तर गेले उडत! थांबा, ही शिवानी बोलतीया म्हणं तुमच्याशी."