डबडू जोकराचा सत्कार

माझ्या मुलीच्या आठव्या वाढदिवसाला मी एका सज्जन गृहस्थांना शाल-श्रीफळ दिलं आणि भरल्या घरात त्यांना जोकर म्हणालो. हेतू चांगला होता. (हे मी नंतर सगळ्यांना सांगत फिरलो. कोणी ऐकून घेतलं नाही.)

सुरुवात कारल्यापासून झाली. आमची ईशा कारलं खात नाही. एकदा जेवताना तिनं ताट सरकवलं, तेव्हा मी तिला सांगितलं, की मी तुझ्याएवढा असताना कारल्याची भाजी चाटूनपुसून खायचो आणि त्याबद्दल डबडू जोकरानं टीव्हीवर माझं नाव घेऊन मला शाबासकी दिली होती. (या वाक्यातला जोकर खरा होता, एवढं लक्षात ठेवा.)

ईशानं विचारलं, डबडू कोण? मी जेवण विसरून सांगतच सुटलो. आम्ही तेव्हा भिवपुरीला पॉवरहाऊसच्या क्वार्टर्समध्ये राहायचो, वडील तिथं नोकरीला होते. कर्जतच्या केबलवाल्यानं आमच्यापर्यंत वायर ओढली होती आणि त्याचा स्वतःचा एक लोकल चॅनेल होता. त्यावर एरवी देवळातली आरती आणि साड्यांच्या सेलच्या जाहिराती. पण रविवारी सकाळी अकरा वाजता डबडू! तोंडाला पांढरा रंग, पोटावर उशी बांधलेली (ती दर रविवारी डावीकडे घसरायची), आणि मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा. ज्याचा वाढदिवस असेल त्याच्या आईवडिलांनी केबलच्या ऑफिसात चिठ्ठी नेऊन द्यायची. चिठ्ठीत वर शुभेच्छा आणि खाली, पोराला न सांगता, पोराची तक्रार. डबडू डबा वाजवून ओरडायचा, "डब्यात काय, सांगू की काय?" आणि कर्जतपासून खालापूरपर्यंतची सगळी पोरं आपापल्या घरात ओरडायची, "सांग!" मग तो चिठ्ठी वाचायचा. कोण दात घासत नाही, कोण बहिणीला चावतो, हे साऱ्या तालुक्याला कळायचं.

ईशानं शांतपणे रूपालीचा, म्हणजे माझ्या बायकोचा, फोन घेतला. शोध शोध शोधलं. "पप्पा, नाहीये. म्हणजे नव्हताच."

झालं! त्या दिवसापासून माझा शब्द घरात चालेना. माथेरानात गाड्या नाहीत, घोडे आहेत, असं मी म्हटलं तरी ती आधी आईकडे बघून खात्री करून घ्यायची. मला खरंच वाईट वाटलं. लेकीनं बापाकडे असं बघावं? वाढदिवसाच्या आत डबडूला तिच्यासमोर उभा करायचाच, असं मी ठरवलं. आणि खरं सांगू? मलाही ते कोडं होतंच. त्या रंगाखाली कोण होतं? तो बाकीचे सहा दिवस काय करायचा? उशी स्वतःच्या घरची आणायचा की केबलवाल्याची? रूपालीला म्हटलं, तर ती म्हणाली, "सोडा ना अहो, कशाला उकरून काढताय?" तिला असल्या गोष्टींची आवडच नाही, असं मी समजलो.

केबलवाला आता म्हातारा झालाय आणि इंटरनेटची कनेक्शनं देतो. डबडूचं नाव काढताच तो हसत सुटला. "नाव नाय सांगणार. शब्द दिलाय त्याला. पण हाय जिवंत. कुंभिवलीला, तुझ्या सासुरवाडीच्या आळीतच हाय."

माझ्या सासुरवाडीची आळी म्हणजे आठ घरं. मी पुढच्या रविवारी जाऊन सासऱ्यांच्या ओटीवर बसलो आणि आळीतल्या प्रत्येक म्हाताऱ्याची चाल तपासली. सासऱ्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. ते कारखान्यात सुपरवायझर होते आणि निवृत्त झाले तरी चेहऱ्यानं अजून ड्युटीवरच आहेत. दहा वर्षांत ते माझ्यासमोर एकदाही हसलेले नाहीत. तरी विचारलं. ते पेपरातून मान वर न करता म्हणाले, "कोण जोकर? आमच्या आळीत तसलं नाय कोण."

पण माझी नजर तयार होती. समोरच्या घरातले भजनी बुवा! अंगानं भरलेले, आवाज खणखणीत, आणि चालताना डावीकडे झुकायचे. (उशी!) मी केबलवाल्याला फोनही केला नाही, इतकी खात्री. सरळ बुवांकडे गेलो आणि म्हटलं, तुम्ही इतकी वर्षं लोकांना आनंद दिलात, ईशाच्या वाढदिवसाला तुमचा सत्कार करायचाय. कशाबद्दल, ते बुवांनी विचारलं नाही. आमच्याकडे शाल-श्रीफळ म्हटलं की कशाबद्दल ते कोणी विचारत नाही. फक्त वेळ विचारतात.

वाढदिवस रविवारी दुपारी, सासऱ्यांच्याच घरी ठेवला. केक कापून झाला. मी बुवांना खुर्चीत बसवलं, शाल पांघरली, नारळ हातात दिला, आणि भाषण सुरू केलं. समोर माझी आई, सासू, आळीतली पंचवीस-तीस माणसं. बुवा डोळे मिटून ऐकत होते. मी म्हणालो, "ईशा, बघ. रविवारी सकाळी तोंडाला रंग लावून कोलांट्या मारणारे, आमचे लाडके जोकर, ते हेच!"

बुवांनी डोळे उघडले.

"जोकर?" ते म्हणाले. "चाळीस वरसं भजन करतोय मी, आन तू मला जोकर म्हनतोस?" त्यांनी शाल काढली, घडी घातली, आणि नारळासकट खुर्चीवर ठेवून उठले. त्यांचा मुलगाही उठला. सासूनं पदर तोंडाला लावला. समोरासमोरच्या घरांचा वर्षानुवर्षांचा शेजार मी पाच मिनिटांत मोडला होता. आणि ईशा माझ्याकडे बघत होती, तसंच, माथेरानच्या घोड्यांच्या वेळी बघितलं होतं तसं.

तेवढ्यात मागून सासरे म्हणाले, "बुवा, बसा. जोकर मी होतो."

कोणाचाच विश्वास बसेना, माझा तर मुळीच नाही. मी म्हणालो, बाबा, मला वाचवायला तुम्ही कशाला स्वतःवर घेताय? त्यांनी चिवड्याचा डबा उचलला, खाली मांडी घालून बसले, बोटांनी डबा वाजवला आणि ओरडले, "डब्यात काय, सांगू की काय?"

 आणि मी, एक्केचाळीस वर्षांचा बाप्या, सगळ्यांच्या आधी ओरडलो, "सांग!"

हळूहळू उलगडा झाला. रूपालीच्या आधीचं एक स्थळ "पोरीचा बाप टीव्हीवर उड्या मारायचा" म्हणून मोडलं होतं. त्या दिवशी त्यांनी उशी फाडून कापूस काढून टाकला आणि मायलेकींना शपथ घातली, की ही गोष्ट घराबाहेर जाता कामा नये. मग मी बघायला आलो. पुन्हा घोटाळा नको, हसलो तर हा ओळखेल, म्हणून जावयासमोर हसायचंच नाही, असं त्यांनी ठरवलं. दहा वर्षं तो माणूस माझ्यासमोर हसू दाबून बसला होता!  मी वाकून त्यांच्या पाया पडलो. बुवाही पुन्हा खुर्चीत बसले. (शाल मात्र सासऱ्यांना मिळाली नाही. बुवांनी ती आधीच पुन्हा पांघरली होती.)

इथं मी थांबायला हवं होतं. पण मला माझी अब्रू परत हवी होती. मी मोठ्यांदा म्हणालो, "बाबा, ईशाला सांगा, तुम्ही टीव्हीवर माझं नाव घेतलं होतं की नाही?"

"घेतलं व्हतं ना," सासरे म्हणाले. "तू बघायला आलास, भिवपुरीचा सुनील म्हनालास, तवाच वळखलं मी." त्यांनी पुन्हा डबा वाजवला. "भिवपुरी क्वार्टर्स, सुनील, वय आठ. आई लिवते, हा ताटातली कारली चड्डीच्या खिशात भरतो आन कॅनॉलात नेऊन टाकतो. रोज खिसा धुवून मी दमले."

"मीच लिहिलं होतं," माझी आई कौतुकानं म्हणाली. आळीतली पंचवीस-तीस माणसं हसली. आणि दहा वर्षांत पहिल्यांदा, अगदी पोट धरून, सासरेही हसले.

हसणं ओसरल्यावर मी ईशाला जवळ घेतलं आणि म्हटलं, "बघ, डबडू होता ना? आता पटलं ना तुला?"

"हो," ती म्हणाली. "आजोबा खरं बोलतात."